पट्टा बांधण्याआधी खुर्ची तपासा

वृद्धाश्रमात, शुश्रूषा केंद्रात किंवा घरी ब्युरोची मावशी ठेवून ज्यांची देखभाल चालते, अशा कितीतरी वृद्धांचा दिवस व्हीलचेअरमध्ये जातो. अंघोळ आटोपली की खुर्चीत बसवायचं, नाश्ता तिथेच, टीव्ही तिथेच, जेवणानंतर थोडं आडवं करायचं आणि चहाच्या वेळेला पुन्हा खुर्ची. अकराच्या सुमारास बघावं तर माणूस खाली सरकलेला असतो. सगळा भार माकडहाडावर आलेला, गुडघे पुढे गेलेले, मान छातीवर पडलेली. मावशी मागून काखेत हात घालून वर ओढतात आणि तासाभरात पुन्हा तीच गत होते. मग कोणीतरी सुचवतं, पोटावरून पट्टा बांधा. पट्टा नसला तर ओढणी किंवा पंचाही चालतो. हे घसरणं म्हातारपणाचा भाग म्हणून आपण सोडून देतो. पण बहुतेक वेळा त्याचं कारण खुर्चीत सापडतं, आणि ते शोधायला शिंप्याची टेप पुरते. पट्ट्यामुळे कारण तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं, आणि एक नवा धोका तयार होतो.

आधी खुर्चीकडे पाहू. दवाखान्यात, स्टेशनवर, विमानतळावर आणि औषधांच्या दुकानांबाहेर दिसते ती घडीची व्हीलचेअर. तिचा मूळ आराखडा १९३३चा आहे. लॉस एंजेलिसमध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अभियंत्यांनी पोलादी नळ्यांची, सीटखाली फुलीसारखी मिटणारी खुर्ची बनवली. एव्हरेस्ट यांच्या पाठीचा कणा एका खाण अपघातात मोडला होता, आणि मोटारीत घालून नेता येईल अशी खुर्ची त्यांना हवी होती. रचना घडीभोवती बेतली गेली, म्हणून सीट आणि पाठ दोन्ही कापडाची किंवा रेक्झिनची ठेवावी लागली. फळी असती तर खुर्ची मिटली नसती. कामधंदा करणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसासाठी ही सोय मोठीच होती. पुढे हाच आराखडा जगभर स्वस्तात निघू लागला आणि रुग्णालयांनी रुग्णाला वॉर्डातून एक्स-रेपर्यंत नेण्यासाठी तो उचलला. दहा-पंधरा मिनिटांच्या त्या प्रवासाला ही खुर्ची उत्तम आहे. तिच्यावर ऐंशी वर्षांच्या, स्वतःचं अंग उचलून जागा बदलता न येणाऱ्या माणसाला सहा-सात तास बसवलं की मात्र तिचे सगळे दोष एकेक करून शरीरावर उमटायला लागतात.

पहिला दोष कापडी सीटचा. वापराने ती मध्ये झोळीसारखी दबते. त्या खोलगटात दोन्ही मांड्या आतल्या बाजूला वळतात, गुडघे एकमेकांना घासतात आणि पेल्व्हिस, म्हणजे कंबरेखालचं हाडांचं कडं, एका बाजूला कलंडतं. कडं कलंडलं की कणा वाकतो, खांदा उतरतो, आणि माणूस एका हातावर रेलून बसतो. घरचे म्हणतात, त्यांना डावीकडे झुकायची सवयच आहे. दुसरा दोष खोलीचा, म्हणजे सीट पाठीपासून पुढपर्यंत किती लांब आहे त्याचा. बाजारातली नेहमीची सीट १६ इंच खोल आणि १८ इंच रुंद असते. पावणेपाच फुटांच्या, वयाने आकसलेल्या आजींना ही खोली एक-दोन इंचांनी जास्त पडते. सीटची पुढची कड गुडघ्यामागे टोचते, ती टोचू नये म्हणून त्या पुढे सरकतात आणि पाठीमागे पोकळी राहते. त्या पोकळीत कंबर मागे कोसळते, पाठ गोल होते आणि बसणं बैठकीच्या हाडांवरून उतरून माकडहाडावर येतं. पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नसतील तर पाय टेकायला जागा शोधत शरीर आणखी पुढे जातं. थोडक्यात, घसरण ही शरीराने खुर्चीशी केलेली तडजोड असते. वर ओढल्याने ती सुटत नाही, कारण ज्यासाठी तडजोड केली ते तसंच असतं.

याची किंमत त्वचा मोजते. बसलेल्या माणसाचं वजन बैठकीच्या दोन हाडांवर आणि मांड्यांवर वाटलं जायला हवं. माकडहाड आणि त्याच्या वरचं सपाट हाड यांवर मांस फारच थोडं असतं, आणि म्हातारपणी तेही उरत नाही. शरीर खाली सरकतं तेव्हा कातडी घामाने रेक्झिनला चिकटून जागीच राहते आणि आतलं हाड पुढे जातं. मधल्या ऊतींना पीळ पडतो आणि बारीक रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. काखेत हात घालून वर ओढताना हाच पीळ उलट्या दिशेने बसतो, शिवाय पक्षाघात झालेल्या बाजूचा सैल खांदा दुखावतो तो वेगळाच. कोकणातला दमटपणा, विदर्भातला उन्हाळा किंवा ओला डायपर यांतलं काहीही जोडीला आलं की कातडी मऊ पडते आणि जखमेला वेळ लागत नाही. या जखमांना आपण बेडसोअर म्हणतो आणि त्या पलंगावरच होतात असं धरून चालतो. म्हणून दिवसभर खुर्चीत असलेल्या माणसाची बैठक कोणी तपासत नाही.

बैठक सुधारल्याने खरंच फरक पडतो का, याचं एक चांगलं उत्तर अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून मिळतं. जखमेचा धोका असलेल्या २३२ वृद्धांना दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटलं गेलं. एका गटाला साधी फोमची उशी मिळाली, दुसऱ्याला त्वचा जपण्यासाठी बनवलेली. खुर्च्या मात्र दोन्ही गटांना अंगाच्या मापाच्या दिल्या होत्या. बैठकीच्या हाडांखालच्या जखमा पहिल्या गटात ६.७ टक्के लोकांना झाल्या, दुसऱ्यात ०.९ टक्के लोकांना. उशी महत्त्वाची आहे हे यावरून स्पष्ट होतं. पण माकडहाडाजवळच्या जखमाही हिशेबात धरल्या तेव्हा दोन गटांतला फरक तितका ठळक राहिला नाही. त्या जागेवरचा भार पलंगातही येतो आणि घसरून बसण्यातही येतो, आणि त्यावर एकट्या उशीचा इलाज चालत नाही, असा माझा त्यावरून निष्कर्ष आहे. महागडी उशी विकत आणून चुकीच्या मापाच्या खुर्चीत टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तेव्हा सुरुवात मापाने करायची. वृद्ध माणसाला कडक बाकावर किंवा साध्या लाकडी खुर्चीवर, पाठ जमेल तितकी सरळ धरून बसवा आणि एकाने बाजूने आधार द्या. बैठकीच्या सर्वांत रुंद भागाची रुंदी घ्या. खुर्चीची सीट त्यापेक्षा फार तर इंचभर जास्त असावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोटं सरकतील, मूठ जाणार नाही. थंडीत जाड शाल लागते, रुंद खुर्ची बरी, असा विचार अनेकजण करतात. पण वर्षातले आठ-नऊ महिने ती रुंदी त्या माणसाला एका कडेला कलंडवते, आणि जुन्या इमारतीतल्या दोन-सव्वादोन फुटी दारातून खुर्ची आत जात नाही ही अडचण वर येते. दुसरं माप बैठकीच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. दोन्ही पायांचं स्वतंत्र घ्या, कारण खुब्याचं ऑपरेशन झालेला पाय आखूड असू शकतो. या मापातून दोन-तीन बोटांची जागा वजा केली की सीटची खोली मिळते. तिसरं माप गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत, रोजची चप्पल किंवा बूट घालून. त्यावर फूटरेस्टची उंची ठरते. फूटरेस्ट फार खाली असेल तर पाय लोंबतात आणि मांडीखाली कड रुतते; फार वर असेल तर गुडघे वर येतात आणि मांड्यांवरचा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर जातो. फूटरेस्ट आणि जमीन यांत दोन इंचांचं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर उंबरठ्यावर खुर्ची अडकून पुढे उलटते. खुर्चीच्या हातांची उंची शेवटी बघायची. कोपर टेकल्यावर खांदे वर चढू नयेत आणि खाली ओढलेही जाऊ नयेत. ही सगळी मापं उशी ठेवून जमायला हवीत. तीन इंची उशी ठेवली की माणूस तेवढा वर जातो, पाय सुटतात, हात खाली राहतात, आणि उशीने दिलेला फायदा फूटरेस्ट काढून घेतो.

खुर्ची आधीच घरात आहे, बदलणं शक्य नाही, अशी स्थिती असेल तरी बरंच करता येतं. झोळी झालेल्या सीटवर, उशीच्या खाली, सीटच्या मापाची प्लायवूडची फळी ठेवा. तिच्या कडा घासून गोल करा आणि ती पुढे सरकणार नाही अशी बंदाने पक्की करा. सीट खोल असेल तर पाठीमागे दाट फोमचा, पाठीच्या पूर्ण रुंदीचा तुकडा लावून खोली कमी करता येते. नुसती गोल उशी कमरेत खुपसली तर ती खाली सरकते आणि शरीराला उलट पुढे ढकलते. रुंदी जास्त असेल तर दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीचे फोमचे तुकडे भरा. एकाच बाजूला उशी कोंबली तर माणूस दुसऱ्या बाजूला झुकतो. फूटरेस्ट वर-खाली करायला बहुतेक खुर्च्यांना एक नट असतो. तो पाना लावून सैल करता येतो हे अनेक घरांत माहीतच नसतं, आणि आजींच्या पायांखाली स्टूल ठेवून काम चालवलं जातं.

मापं जुळूनही माणूस घसरत असेल तर कारण शरीरात आहे का ते बघावं लागतं, आणि ते बसवून कळत नाही, झोपवून कळतं. पाठीवर झोपवून गुडघा वाकवत मांडी पोटाकडे आणा. मांडी नव्वद अंशांपर्यंत येण्याआधीच कंबर उचलायला लागली तर खुबा तेवढा वाकत नाही, आणि त्या माणसाला काटकोनात बसवण्याचा हट्ट म्हणजे त्याला पुढे घसरवण्याचीच व्यवस्था. त्याच्यासाठी पाठ थोडी मागे कलती हवी. मांडीमागचे स्नायू आखडले आहेत का ते गुडघा सरळ करून बघता येतं. ते आखडलेले असतील तर पाय लांब करून उंच ठेवणारे फूटरेस्ट त्रासाचे ठरतात. पायांना सूज आहे म्हणून पाय वर घ्या, हा सल्ला घरोघरी दिला जातो. आखडलेले स्नायू मात्र त्या स्थितीत पेल्व्हिसला दोरीसारखे पुढे ओढतात. सुजेसाठी पाय वर घ्यायचे असतील तर ते पलंगावर घ्यावेत. पोक आलेल्या पाठीचंही असंच आहे. झोपवल्यावर पाठ सपाट होत असेल तर तिला आधार देऊन सरळ करता येतं. होत नसेल तर ती वर्षानुवर्षांची घडण आहे. तिला सरळ फळीवर दाबलं तर पोकाचा उंचवटा आधी टेकतो, बाकी शरीर पुढे फेकलं जातं आणि नजर जमिनीला लागते. अशा वेळी पाठीच्या कापडात उंचवट्याला सामावणारी ढिलाई हवी आणि पाठीचा कोन थोडा मोकळा हवा, म्हणजे समोरचा माणूस दिसतो. काटकोनात बसणं हे पाठ्यपुस्तकातलं चित्र आहे. गिळताना ठसका लागत नाही, नजर समोर जाते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि तासाभराने माणूस जिथे बसवला तिथेच असतो, या चार गोष्टी जमल्या तर कोन किती अंशांचा आहे याला महत्त्व नाही. जेवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास मात्र पाठ शक्य तितकी उभी असू द्या.

कलत्या खुर्च्यांबद्दल एक भेद समजून घेण्यासारखा आहे. एका प्रकारात फक्त पाठ मागे पडते. अशा खुर्चीत पाठ मागे नेऊन पुन्हा उभी केली की शरीर थोडं थोडं खाली सरकतं, कारण कातडीला धरून पाठच वरखाली होते. दुसऱ्या प्रकारात सीट आणि पाठ यांचा कोन न बदलता दोन्ही एकत्र मागे झुकतात. बैठकीवरचा भार पाठीकडे जातो आणि घसरण होत नाही. दुसरा प्रकार महाग आहे आणि सहजी मिळत नाही, पण दिवसातले बरेच तास खुर्चीत काढणाऱ्या, मानही न सावरणाऱ्या माणसाला तोच लागतो. दुकानदाराने ‘रिक्लायनिंग आहे’ म्हटल्यावर समाधान मानू नये.

उशीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मध्ये भोक असलेली हवेची गोल रिंग आजही मेडिकल स्टोअरमध्ये पहिली पुढे केली जाते. जखमा टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तिचा वापर टाळा असंच सांगतात, कारण रिंगेच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. कापसाची गादी किंवा उशी आठ दिवसांत दबते. दाट फोमची उशी स्वस्त आणि चांगली, पण तिलाही आयुष्य असतं. ती टिकली आहे का हे पाहायची पद्धत सोपी आहे. माणूस बसलेला असताना उशी आणि सीट यांच्या मध्ये हात सरकवा आणि बैठकीच्या हाडाखाली बोटं वर करून बघा. बोटांना थोडी हालचाल करता आली तर उशी काम करते आहे. बोटं हलत नाहीत आणि हाड जाणवतं, तर उशी संपली. हवेच्या कप्प्यांच्या उशीत हवा जास्त भरण्याकडे कल असतो. घट्ट फुगलेली उशी चेंडूसारखी माणसाला वर तोलून धरते आणि तो डगमगतो. हाड आणि तळ यांत अर्धा ते एक इंच राहील इतकीच हवा हवी. उशीवर रबरी शीट, त्यावर घडी घातलेली चादर, त्यावर डायपर, त्यावर टॉवेल अशी चळत लावली तर कितीही चांगली उशी फळीसारखी वागते. एक पातळ, ताणणारं कव्हर पुरेसं आहे. बसवल्यावर साडीची किंवा परकराची घडी, नाड्याची गाठ, खिशातला चष्मा किंवा मोबाइल खाली अडकला नाही ना, हे हाताने चाचपून पाहा.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे कमोड व्हीलचेअर. जागा कमी, पैसा मोजका, म्हणून सीटला भोक आणि खाली भांडं असलेली एकच खुर्ची घेतली जाते आणि तीच दिवसभर बैठक होते. भोकावर ठेवलेली पातळ गादी त्या भोकात खचते, आणि बाकी सगळं रिंगेसारखंच घडतं. ही खुर्ची विधीपुरती वापरा आणि त्यावर माणसाला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका. संध्याकाळी माकडहाडाजवळ दिसणाऱ्या चट्ट्यांचं मूळ पुष्कळ घरांत इथेच निघेल.

आता पट्ट्याचा प्रश्न. सांभाळणारे सांगतात, बांधलं नाही तर पडतील, हाड मोडेल, मग जबाबदार कोण? हा प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून चालणार नाही. एक मावशी चार खोल्या बघत असेल तर तिला पट्टा हाच सहकारी वाटतो. पण अनुभव दुसरीकडे बोट दाखवतो. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये वृद्धांना बांधून ठेवण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. १९८७च्या कायद्याने सोयीसाठी किंवा शिस्तीसाठी बांधण्यावर बंदी आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा बंधनांमुळे झालेल्या १२२ मृत्यूंची नोंद तपासली गेली. त्यांत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध स्त्रिया जास्त होत्या, आणि खुर्चीतून किंवा पलंगावरून घसरून पट्ट्यात लटकलेल्या स्थितीत त्या सापडल्या होत्या. त्याच वर्षीच्या, कनेक्टिकटमधल्या नर्सिंग होमच्या दुसऱ्या अभ्यासात बांधलेल्यांमध्ये पडून होणाऱ्या गंभीर इजा न बांधलेल्यांपेक्षा कमी निघाल्या नाहीत, जास्तच निघाल्या. जे जास्त अशक्त त्यांनाच बांधलं जातं, म्हणून आकडा फुगला असेल, असं कोणी म्हणेल. ते खरंही असू शकतं. तरी बांधल्याने सुरक्षितता वाढते हा दावा त्यातून सिद्ध होत नाही, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे. घसरणाऱ्या माणसाच्या पोटावरचा पट्टा त्याला थांबवत नाही. शरीर खाली जातं आणि पट्टा पोटावरून छातीकडे, छातीवरून गळ्याकडे चढतो.

याचा अर्थ पट्टा कधीच नको असा नाही. गाडीतून नेताना, उतारावरून उतरवताना, झटके येणाऱ्या माणसाला तो लागतो. पेल्व्हिस जागेवर ठेवणारा पट्टा पोटावर न घेता मांडी आणि धड यांच्या सांध्यावरून, तिरका मागे-खाली जाईल असा लावतात. तो खुर्चीच्या सांगाड्याला पक्का असतो, आणि शक्य तिथे बसलेल्या माणसाला स्वतः सोडता येतो. माप, उशी, फूटरेस्ट जमल्यानंतर शेवटी लावायची ही वस्तू आहे. ओढणी आणि पंचा यांना या यादीत जागा नाही. वारंवार उठू पाहणाऱ्या माणसाबद्दल आणखी एक विचार करावा. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ‘मला दुखतंय’ किंवा ‘लघवीला जायचंय’ असं सांगू शकत नाही, ती फक्त उठायला बघते. तिला बांधलं तर तिचं उरलेलं एकमेव बोलणंही बंद होतं.

खुर्चीत एवढे धोके असतील तर पलंगावरच ठेवलेलं बरं, असं दुसरं टोकही ऐकू येतं. ते त्याहून वाईट आहे. सतत आडवं राहिल्याने छातीत कफ साठतो, स्नायू आणि हाडं झिजतात, भूक जाते आणि माणसांतला वावर संपतो. बसवायचं तर आहेच, फक्त ते दिवसभर सलग नको. स्वतः हलू न शकणाऱ्याला तास-दोन तास बसवावं, मग आडवं करावं, पुन्हा बसवावं. बसलेलं असताना दर अर्ध्या तासाने पुढे टेबलावर रेलवावं, किंवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मिनिट-दोन मिनिटं झुकवावं, म्हणजे दाबलेल्या जागी रक्त परत येतं. किती वेळ योग्य हे त्वचाच सांगते. आडवं केल्यावर बैठक आणि माकडहाड बघा. तिथे लालसर चट्टा असेल आणि बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, किंवा अर्ध्या तासातही जात नसेल, तर बसण्याचा वेळ कमी करा आणि उशी तपासा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, हे मराठी घरांनी विशेष ध्यानात ठेवावं. तिथे जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद छटा, गरम स्पर्श, टणकपणा किंवा पाणी भरल्यासारखा मऊपणा बोटांना जाणवतो. मधुमेहात संवेदना कमी झालेली असते, तेव्हा ‘दुखत नाही ना?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये. एवढं लक्ष द्यायला माणसं कुठे आहेत, असं संस्थाचालक विचारतील. घसरलेल्या माणसाला दिवसातून आठ-दहा वेळा वर ओढायला माणसं लागतातच, आणि जखम झाली की रोजच्या ड्रेसिंगला त्याहून जास्त लागतात. नीट बसवलेल्या माणसाला सांभाळणं हेच कमी कष्टाचं आहे.

खुर्चीत बसवताना आणि उठवताना होणारे अपघात थोडक्यात सांगतो. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून ते धरतात का ते बघा. टायर झिजला किंवा हवा कमी झाली की ब्रेक लागलेला दिसतो पण धरत नाही. उठवण्याआधी फूटरेस्ट वर दुमडा किंवा बाजूला करा. त्यावर पाय देऊन उभं राहिलं की खुर्ची पुढे पालथी होते. उतारावरून खाली आणताना खुर्ची उलटी फिरवून मागे मागे या. पाठीमागच्या दांड्यांना औषधांच्या आणि भाजीच्या जड पिशव्या अडकवू नका, माणूस उठला की खुर्ची मागे पडते. पक्षाघातानंतर एका पायाने जमीन ढकलत खुर्ची चालवणाऱ्यांची सीट खाली हवी आणि त्या बाजूचा फूटरेस्ट काढलेला हवा. उशी ठेवताना ही उंची बिघडते.

राहिला पैशांचा मुद्दा. बहुतेक सुधारणा पाना, फोम आणि प्लायवूड यांत होतात हे वर आलंच आहे. नवी खुर्ची घ्यायची असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, २०१७पासून, अल्प उत्पन्न गटातल्या ज्येष्ठांना कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीमार्फत व्हीलचेअरसह साधनं मोफत मिळतात. महाराष्ट्रात २०२४पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना साधनं घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात जमा होतात. त्या रकमेत चांगली खुर्ची येत नाही, चांगली उशी मात्र बसू शकते. शिबिरात खुर्ची वाटताना माप क्वचित घेतलं जातं, म्हणून मापं कागदावर लिहून न्या आणि अंगाला न बसणारी खुर्ची फुकट मिळते म्हणून घेऊ नका. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा फुकट मिळाला तरी आपण लावत नाही.

जिथे खुबा आखडला आहे, पोक पक्कं झालं आहे, जखम आधीच आहे किंवा माणूस सगळं करूनही घसरतो, तिथे घरगुती उपाय थांबवून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जावं. हे शास्त्र आपल्याकडे नवं नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचं शिक्षण सुरू केलं. आज मुंबईत केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांत, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे विभाग आहेत, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात आधी चौकशी करावी. जाताना माणूस आणि तो रोज वापरतो ती खुर्ची, उशीसकट, दोन्ही बरोबर न्या. नुसत्या माणसाला तपासून किंवा नुसता खुर्चीचा फोटो पाहून कोणालाही हे काम करता येणार नाही.